साबोनिस : उमेदीची वर्षं कुणाच्या खात्यावर?

आर्विदास साबोनिसची एनबीएमधली नोंद अशी आहे : सात मोसम, ४७० सामने, सामन्यामागे सरासरी १२ गुण, सातेक रिबाउंड, दोन असिस्ट. ऑल-स्टार सामन्यासाठी निवड एकदाही नाही. विजेतेपद नाही. असे आकडे असलेले खेळाडू अमेरिकेत पैशाला पासरी मिळतात, आणि निवृत्त झाल्यावर दहा वर्षांत त्यांची नावं त्यांच्याच शहरातल्या लोकांना आठवेनाशी होतात. तरीही २०११ साली स्प्रिंगफिल्डमध्ये, म्हणजे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली जिथं हा खेळ जन्माला घातला त्याच गावात, बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये या माणसाला मानानं घेतलं गेलं. तिथल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

याचं कारण या आकड्यांच्या आधीच्या काळात आहे. साबोनिस पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सकडून पहिला सामना खेळला तो १९९५च्या नोव्हेंबरात. तेव्हा त्याला एकतिसावं सरायला महिना-सव्वा महिना उरला होता, टाचेमागचा स्नायुबंध दोनदा तुटून सांधला गेला होता आणि गुडघे कामातून गेले होते. ब्लेझर्सनी मात्र त्याला १९८६ सालीच निवडून ठेवलं होतं. मधली नऊ वर्षं तो कुठं होता, हा प्रश्न अमेरिकन पत्रकार आजही हळहळून विचारतात. ‘तो एकविसाव्या वर्षी आला असता तर?’ ही त्यांची आवडती खंत.

मला ही खंत अर्धवट वाटते. त्या नऊ वर्षांत साबोनिस काही शीतपेटीत ठेवलेला नव्हता. तो खेळत होता. युरोपातली मोठमोठी पदकं जिंकत होता, हरत होता, मारामारीत बाहेर काढला जात होता, मोडत होता, पुन्हा उभा राहत होता. फक्त ते सगळं अमेरिकेच्या कॅमेऱ्यापुढं घडत नव्हतं. हळहळायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी हळहळावं. सात फूट तीन इंचांच्या त्या देहावर मालकी कुणाची, हे ठरवताना त्या देहाच्या मालकालाच कुणी विचारत नव्हतं.

*

साबोनिसचा लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. काउनास हे त्याचं दुसरं मोठं शहर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस पोलंडच्या ताब्यात होतं, तेव्हा देशाचा कारभार काउनासमधून चालायचा. याच काळात इथं बास्केटबॉल रुजला आणि तो रुजवला अमेरिकेत जन्मलेल्या लिथुआनियन मुलांनी. फ्रँक लुबिन हा कॅलिफोर्नियाचा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकी संघातला हा खेळाडू पुढं आईवडिलांच्या देशात आला, प्रान्स लुबिनास झाला आणि इथल्या पोरांना शिकवत त्यांच्यासोबत खेळायलाही लागला. लिथुआनियानं १९३७ साली युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. पुढची स्पर्धा विजेत्याच्या घरी भरवायची, म्हणून काउनासमध्ये खास बास्केटबॉलसाठी एक सभागृह बांधून काढलं. १९३९ची स्पर्धा तिथं झाली आणि यजमानांनी शेजारच्या लाटव्हियाला ३७ विरुद्ध ३६ असं एका गुणानं हरवलं. पुढच्या वर्षी, १९४० साली, रणगाडे आले आणि देश सोव्हिएत संघात जमा झाला.

सभागृह राहिलं. खेळही राहिला. किंबहुना जे उघडपणे बोलता येत नव्हतं ते सगळं त्या खेळात जाऊन बसलं. १९४४ साली स्थापन झालेल्या काउनासच्या संघाचं नाव झाल्गिरिस. १४१० साली पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी जर्मन सरदारांचा जिथं धुव्वा उडवला, त्या रणभूमीचं हे नाव. हरलेला शत्रू जर्मन होता, त्यामुळं मॉस्कोलाही तक्रारीला जागा नव्हती. लोकांना मात्र त्या नावातून आपल्याला हवं ते ऐकू येत होतं. १९७२च्या मे महिन्यात रोमास कालांता नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं काउनासच्या भर बागेत स्वतःला पेटवून घेतलं आणि शहरात दोन दिवस दंगे झाले. साबोनिस तेव्हा सात वर्षांचा होता. याच शहरात तो १९ डिसेंबर १९६४ रोजी जन्मला होता.

चेंडू त्यानं तसा उशिराच, तेरा वर्षांचा असताना हातात घेतला. युरी फ्योदोरोव हे त्याचे पहिले प्रशिक्षक. उंची वाढतच होती, पण प्रशिक्षकांनी त्याला नुसता रिंगखालचा खांब केला नाही. चेंडू टप्पे देत नेणं, गार्डसारखा पास देणं, लांबून नेम धरणं हे सगळं त्याच्याकडून करून घेतलं. १९८१ साली, सतराही पुरे नसताना, तो झाल्गिरिसच्या मोठ्या संघात आला.

*

सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री हौशी असत. आपल्याकडं रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, हजेरीपटावर सही होते आणि दिवस मैदानावर जातो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपल्याकडं नोकरी सोडता येते. तिकडं मॉस्कोतला सीएसकेए हा संघ थेट लष्कराचा होता आणि प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा होती. या दोन गोष्टींची सांगड घातली की देशभरातला चांगला खेळाडू मॉस्कोत कसा येऊन पोचायचा, ते वेगळं सांगायला नको. त्याला आमंत्रण येत नसे, थेट भरतीचा हुकूम येई. त्यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे उच्च शिक्षण. साबोनिसनं शेतकी महाविद्यालयात नाव घातलं. त्यानं कधी नांगराला हात लावला असेल असं वाटत नाही, पण त्या प्रवेशामुळं काउनासचा सेंटर काउनासमध्ये राहिला.

मग १९८५, ८६ आणि ८७ अशी सलग तीन वर्षं झाल्गिरिसनं सोव्हिएत अजिंक्यपद जिंकलं. तिन्ही वेळा हरवलं ते सीएसकेएला. प्रशिक्षक व्लादास गारास्तास, सोबतीला वाल्देमारास होमिचुस, रिमास कुर्तिनाइतिस, सर्गेयस योवाइशा. समोर लष्कराचा संघ आणि त्याच्या पाठीशी राजधानी. त्या रात्री काउनासच्या रस्त्यांवर उतरलेले लोक केवळ बास्केटबॉलचा आनंद साजरा करत नव्हते, हे मॉस्कोलाही कळत होतं. पण चषक जिंकल्याबद्दल कुणाला अटक कशी करणार?

गंमत अशी की हेच काउनासकर देशाच्या लाल गणवेशात मॉस्कोच्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत. अठरावं सरायच्या सुमारास साबोनिस सोव्हिएत संघाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथं विद्यापीठांच्या संघांशी सामने झाले आणि व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन, म्हणजे त्या वर्षीचा अमेरिकेतला सगळ्यात बोलबाला असलेला उंच खेळाडू, त्याच्यासमोर हा पोरगेला मुलगा जराही बुजला नाही. अमेरिकन प्रशिक्षकांनी त्याचं नाव तेव्हाच टिपून ठेवलं. १९८४ साली लॉस एंजेलिसला जॉर्डन आणि युइंगच्या संघासमोर तो उभा राहिला असता. सोव्हिएत संघानं त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. १९८५ साली युरोपचं अजिंक्यपद मिळालं, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच वर्षी अटलांटा हॉक्सनी त्याला ड्राफ्टमध्ये ७७व्या क्रमांकावर घेतलं, पण एकविशीच्या आतला म्हणून ती निवड रद्द झाली. पुढच्या वर्षी पोर्टलंडनं पहिल्याच फेरीत, २४व्या क्रमांकावर, त्याला घेतलं. शीतयुद्ध चालू असताना, जो येईल याची काडीचीही खात्री नाही अशा खेळाडूवर पहिल्या फेरीची निवड खर्ची घालणं हा त्या काळी शुद्ध वेडेपणा होता. तिसऱ्या फेरीत त्याच पोर्टलंडनं युगोस्लाव्हियाच्या द्राझेन पेट्रोविचलाही घेऊन ठेवलं.

हे दोघं त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले होते. झाल्गिरिस विरुद्ध झाग्रेबचा सिबोना. साबोनिसचं डोकं फिरलं, त्यानं सिबोनाच्या एका खेळाडूवर हात उचलला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. सिबोना ९४-८२ जिंकला. युरोपियन चषक झाल्गिरिसच्या हातात यायला पुढं तेरा वर्षं जावी लागली आणि १९९९ साली तो आला तेव्हा साबोनिस पोर्टलंडमध्ये होता. शांत, मिस्कील, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा असा त्याचा पुढचा लौकिक. विशीतला साबोनिस तसा नव्हता. तो तापट होता, पंचांकडं हात फेकायचा, समोरच्याला डिवचायचा.

१९८६च्या उन्हाळ्यातला माद्रिदचा सामना मात्र पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. जागतिक अजिंक्यपदाची उपांत्य फेरी, सोव्हिएत संघ विरुद्ध युगोस्लाव्हिया. मिनिटभरही उरलेलं नाही आणि युगोस्लाव्हिया ८५-७६ असा नऊ गुणांनी पुढं. लोक उठायला लागलेले. साबोनिस तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेतो. तेव्हाचा सात फुटी सेंटर तिथं सहसा फिरकतही नसे. तो चेंडू टाकतो, चेंडू बॅकबोर्डला थडकून आत जातो. लगेच युगोस्लाव्हियाकडून चेंडू निसटतो आणि तिखोनेन्को लांबून आणखी तीन गुण घेतो. आता फरक तीनचा. युगोस्लाव्हियानं फक्त चेंडू सांभाळून वेळ काढायची. चेंडू येतो अठरा वर्षांच्या व्लादे दिवाचकडं, तो टप्पा देतो, धरतो आणि गोंधळून पुन्हा टप्पा देतो. नियमभंग. चेंडू सोव्हिएत संघाला. वाल्टर्स तिसरा थ्री-पॉइंटर मारतो. बरोबरी. जादा वेळेत सोव्हिएत संघ ९१-९० जिंकतो. अंतिम सामना ते अमेरिकेविरुद्ध दोन गुणांनी हरले, ते आज फारसं कुणाला आठवत नाही.

त्या वेळच्या साबोनिसचं चित्रण बघताना आधी डोळ्यांत भरतो तो त्याचा वेग. एवढा मोठा माणूस रिबाउंड घेतो आणि स्वतःच चेंडू घेऊन धावत सुटतो. समोरचे बाजूला होतात. मग तो डंक करतो किंवा, बहुतेक वेळा, शेवटच्या पावलाला न बघता बाजूला पास देतो. नंतरच्या काळात अमेरिकेत त्याच्या पासिंगचं फार कौतुक झालं आणि ‘पाय गेले म्हणून डोकं वापरायला शिकला’ असा एक सोयीस्कर समज रूढ झाला. तो समज चुकीचा आहे. डोकं पहिल्यापासूनच होतं. पाय गेले तेव्हा बाकीचं झडलं आणि डोकं तेवढं उरलं.

*

पाय गेले १९८७ साली. झाल्गिरिस, राष्ट्रीय संघ, दौरे, स्पर्धा यांच्या रगाड्यात त्याला विश्रांती अशी मिळतच नव्हती. चौदा महिने खेळणाऱ्याला बारा महिन्यांचं वर्ष पुरत नाही, तशातली गत. दुखतंय म्हटलं की इंजेक्शन आणि पुन्हा मैदान. अखेर टाचेमागचा ॲकिलिस स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि पुरता बरा व्हायच्या आत तोच पुन्हा तुटला.

१९८८च्या वसंतात एक चमत्कारिक गोष्ट घडली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला उपचारासाठी पोर्टलंडला पाठवलं. म्हणजे ज्या संघाला तो द्यायला सरकार तयार नव्हतं, त्याच संघाच्या डॉक्टरांकडं. ब्लेझर्सनी आनंदानं खर्च केला, त्यांना वाटलं आपल्या गुंतवणुकीची डागडुजी चालू आहे. तो तिथं व्यायाम करायचा, संघाच्या लोकांशी खेळायचा. पोर्टलंडच्या वैद्यकीय मंडळींचं मत स्पष्ट होतं : एवढ्यात मोठी स्पर्धा नको. सोव्हिएत प्रशिक्षक अलेक्झांडर गोमेल्स्की यांचं मत तेवढंच स्पष्ट होतं : सोलला तो हवा.

तो सोलला गेला. पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघ युगोस्लाव्हियाकडून हरला. उपांत्य फेरीत समोर अमेरिका, डेव्हिड रॉबिन्सनसारखा सेंटर असलेली. साबोनिस लंगडत होता, उड्या मारत नव्हता, पण रिंगखाली ठाण मांडून होता. सोव्हिएत संघ ८२-७६ जिंकला. त्या ८२ गुणांपैकी ६२ गुण साबोनिस, मार्चुलियोनिस, कुर्तिनाइतिस आणि होमिचुस या चौघांचे होते. चौघंही लिथुआनियाचे. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाचा हिशेब ७६-६३ असा चुकता झाला आणि सुवर्णपदक गळ्यात पडलं. या पराभवानंतर अमेरिकेनं ऑलिंपिकला कॉलेजची मुलं पाठवणं बंद केलं. चार वर्षांनी जॉर्डन, मॅजिक, बर्ड यांची ‘ड्रीम टीम’ अवतरली, तिच्या जन्मकथेत या चौघांचाही वाटा आहे.

सुवर्णपदक आणा, मग परदेशी जाऊ देऊ, असं गोमेल्स्कींनी कबूल केलं होतं, ही आठवण त्या संघातले खेळाडू पुढं सांगत आले. एरवी असली आश्वासनं हवेत विरतात. हे पाळलं गेलं, कारण १९८९ उजाडेपर्यंत मॉस्कोलाच परकीय चलनाची चणचण होती. मार्चुलियोनिस अमेरिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सकडं गेला. साबोनिसही जाऊ शकला असता. तो गेला नाही.

इथं त्याला दोष देणारे अनेक आहेत. मला त्यात त्याचा शहाणपणा दिसतो. एनबीएच्या एका मोसमात ८२ सामने, तेही आठवड्यात तीन-चार, रात्रीच्या विमानांनी हजारो मैलांचे प्रवास करत. दोनदा सांधलेल्या टाचेनं तो एक मोसम तरी टिकला असता का, शंकाच आहे. युरोपात सामने निम्म्यानं. तो होमिचुससोबत स्पेनमध्ये वायादोलिदला गेला. संघ मधल्या फळीतला, आणि प्रायोजक ‘फोरम फिलातेलिको’ नावाची टपाल तिकिटांत गुंतवणूक करायला लावणारी कंपनी. (हीच कंपनी पुढं २००६ साली घोटाळ्यात बुडाली आणि लाखो स्पॅनिश ठेवीदारांचे पैसे अडकले.) जगातला बहुधा सगळ्यात गुणी सेंटर तीन वर्षं तिकिटवाल्यांचं नाव छातीवर लावून खेळला आणि स्वतःच्या बेतानं तब्येत सावरत राहिला. किती खेळायचं, हे तो आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः ठरवत होता.

*

तोवर घरी बरंच घडलं होतं. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला लिथुआनियन खेळाडू सोव्हिएत संघातून उतरलेच नाहीत. जानेवारी १९९१मध्ये विल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याभोवती निःशस्त्र लोकांवर सोव्हिएत रणगाडे चालून आले, चौदा माणसं गेली. सप्टेंबरमध्ये मॉस्कोनं स्वातंत्र्य मान्य केलं. देश मिळाला, पण तिजोरीत खडखडाट. ऑलिंपिकला संघ पाठवायचा तर पैसे कुठून आणायचे?

मार्चुलियोनिसनं सॅन फ्रान्सिस्कोत झोळी फिरवली. त्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात आली आणि ती वाचून ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडनं धनादेश दिला. बरोबर रंगीबेरंगी टी-शर्टांचं खोकंही दिलं. पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांच्या, म्हणजे लिथुआनियाच्या झेंड्याच्या रंगांच्या, भोवऱ्यात डंक करणारा हाडांचा सापळा, असं ते चित्र. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांना राखाडी गणवेशाची सवय, त्यांच्या अंगावर हे!

बार्सिलोनात ड्रीम टीमनं त्यांना उपांत्य सामन्यात १२७-७६ असं धुतलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, सगळ्यांनाच धुतलं होतं. खरा सामना कांस्यपदकाचा. समोर ‘युनिफाइड टीम’, म्हणजे फुटलेल्या सोव्हिएत संघातल्या उरलेल्यांची मोट. चार वर्षांपूर्वीच्या सोलच्या संघातले सोबती आता पलीकडच्या बाजूला. गटातल्या सामन्यात त्यांनीच लिथुआनियाला हरवलेलं. मार्चुलियोनिसनं २९ गुण घेतले, साबोनिसनं २७ गुण आणि १६ रिबाउंड. ८२-७८. सामना संपल्यावर राष्ट्रप्रमुख लँड्सबर्गिस स्वतः खेळाडूंच्या खोलीत आले आणि शॅम्पेनमध्ये भिजून बाहेर पडले. संगीताचे प्राध्यापक, सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ, त्यांच्या अवतीभवती हे ताडमाड लोक रडतायत, गातायत. पदक घ्यायला संघ गेला तो हाडांच्या सापळ्याचे टी-शर्ट घालून. त्याच मंचावर जॉर्डन आणि मंडळी गणवेशावरचा प्रतिस्पर्धी कंपनीचा शिक्का दिसू नये म्हणून अमेरिकेचे झेंडे खांद्यावर पांघरून उभी होती. कुणाला कशाची लाज वाटेल, सांगता येत नाही.

सोलचं सोनं आणि बार्सिलोनाचं कांस्य, दोन्ही साबोनिसच्या घरी. यातलं मोठं कुठलं, हे लिथुआनियात कुणाला विचारावंच लागत नाही.

त्यानंतरची तीन वर्षं रेआल माद्रिद. दोन वेळा स्पॅनिश लीग, १९९५ साली युरोपियन चषक. सारागोसातल्या अंतिम सामन्यात ऑलिंपियाकोसला ७३-६१ असं हरवलं, प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच, अंतिम चौघांच्या फेरीचा सर्वोत्तम खेळाडू साबोनिस. नऊ वर्षांपूर्वी बुडापेस्टमध्ये हुकलेला चषक अखेर पदरात पडला. आणि मग, युरोपात मिळवायचं काही उरलं नाही तेव्हा, तो पोर्टलंडला निघाला.

*

ब्लेझर्सचे तेव्हाचे सर्वेसर्वा बॉब व्हिटसिट यांनी सांगितलेला किस्सा आता दंतकथेच्या पदाला पोचलाय. करारापूर्वी त्यांनी साबोनिसचे एक्स-रे संघाच्या डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, या एक्स-रेवर याला अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावायचा परवाना मिळेल. व्हिटसिटनी तरीही सही घेतली.

पहिल्या मोसमात तो ७३ सामने खेळला, तेही सामन्यामागे चोवीसेक मिनिटं. त्यात सरासरी १४.५ गुण, ८.१ रिबाउंड. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा. सर्वोत्तम राखीव खेळाडूच्या मतदानातही दुसरा. एकतिशीचा ‘नवोदित’! प्लेऑफमध्ये युटाविरुद्ध सरासरी २३.६ गुण. रिंगपासून पंधरा-वीस फुटांवर, फ्री-थ्रो रेषेच्या आसपास, तो चेंडू घेऊन उभा राहायचा. पाय जमिनीला खिळलेले. त्याच्याभोवती तरुण सहकारी कापत जायचे आणि त्याच्या हातून चेंडू निघायचा : कधी डोक्यावरून, कधी पाठीमागून, कधी बचावपटूच्या दोन पायांतून. बिल वॉल्टननं त्याला सात फूट तीन इंचांचा लॅरी बर्ड म्हटलं होतं. स्वतः वॉल्टन पोर्टलंडचा विजेता सेंटर, पायांच्या दुखण्यांनी कारकीर्द खाल्लेला आणि पासिंगसाठी नावाजलेला. हे त्याला दिसावं यात नवल नाही.

साबोनिस अमेरिकन वार्ताहरांशी फारसं बोलत नसे. इंग्रजी कामापुरतं. त्याची बायको इंग्रिदा, लिथुआनियाची माजी सौंदर्यसम्राज्ञी, हिच्यामुळं घर सावरलेलं होतं. पोर्टलंडकरांनी त्याला ‘साबास’ म्हणून आपलंसं केलं. १९९७-९८ हा त्याचा आकड्यांनी सर्वोत्तम मोसम : १६ गुण, १० रिबाउंड, ३ असिस्ट.

२००० सालच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला सातवा सामना मात्र पोर्टलंडकरांच्या आजही घशात अडकलेला आहे. लॉस एंजेलिसमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत पंधरा गुणांची आघाडी. पुढ्यात शकील ओनील, साबोनिसपेक्षा सात वर्षांनी तरुण, वजनानं रेड्यासारखा. पस्तिशीतल्या साबोनिसनं सबंध मालिकाभर पाठीला पाठ लावून त्याला रोखायचा प्रयत्न केला होता. पोर्टलंडचे नेम एकामागून एक चुकायला लागले, आघाडी वितळली, साबोनिस सहा फाउल होऊन बाहेर बसला आणि लेकर्स ८९-८४ जिंकले. २००१ साली तो थकून युरोपात परतला, एक मोसम खेळलाच नाही, २००२-०३ला पुन्हा एकदा पोर्टलंडला आला आणि मग कायमचा काउनासला.

*

कारकिर्दीचा शेवट म्हणून एक मानाचा मोसम, हार-तुरे, निरोप असं काहीतरी लोकांच्या मनात असावं. प्रत्यक्षात २००३-०४ साली झाल्गिरिसकडून खेळताना, एकोणचाळीस वर्षांचा साबोनिस युरोलीगच्या साखळी फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग पुढच्या सोळा संघांच्या फेरीचाही.

८ एप्रिल २००४ रोजी तेल अवीवमध्ये मकाबीशी गाठ पडली. जिंकलं तर अंतिम चौघांत प्रवेश. दोनेक सेकंद उरले असताना झाल्गिरिस तीन गुणांनी पुढं. साबोनिस पाच फाउल होऊन बाकावर. मैदानाच्या एका टोकापासून लांब फेकलेला चेंडू डेरिक शार्पच्या हातात पडला, तो वळला आणि त्यानं तोल सांभाळत थ्री-पॉइंटर मारला. बरोबरी. जादा वेळेत मकाबी जिंकला आणि तोच संघ पुढं युरोपचा विजेता झाला. २००५ साली साबोनिसनं निवृत्ती जाहीर केली.

त्याचा धाकटा मुलगा दोमांतास १९९६ साली पोर्टलंडमध्ये जन्मला, स्पेनमध्ये मालागाला वाढला, अमेरिकेत गोन्झागा विद्यापीठात खेळला आणि २०१६ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ११व्या क्रमांकावर निवडला गेला. बापाला एकदाही न मिळालेला ऑल-स्टारचा मान त्याला तीनदा मिळालाय. सॅक्रामेंटोकडून खेळताना सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक सरासरीनं रिबाउंड त्यानं घेतले. तोही फ्री-थ्रो रेषेजवळ चेंडू घेऊन उभा राहतो आणि बाकीचे त्याच्याभोवती कापत जातात. फरक असा की आज संघाची सगळी चढाई त्यासाठी त्याच्याभोवती मुद्दाम रचली जाते. सर्बियाचा निकोला जोकिच, उडी बेताची, पाय जड, हात जादूचे, याच पद्धतीवर तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. १९९५ साली अशा सेंटरला पोर्टलंडनं बहुतांश मोसम राखीव खेळाडू म्हणून वापरलं होतं. त्यात दुष्टावा नव्हता. सेंटरनं रिंगला पाठ लावून बसायचं, हीच तेव्हाची रीत होती.

काउनासचं १९३९चं सभागृह अजून उभं आहे. झाल्गिरिस मात्र २०११ पासून नेमुनस नदीतल्या बेटावरच्या पंधरा हजारांच्या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये खेळतो. २०११ हेच वर्ष साबोनिससाठी धामधुमीचं गेलं. ऑगस्टमध्ये स्प्रिंगफिल्डला हॉल ऑफ फेमचा सोहळा झाला. सप्टेंबरच्या शेवटी, सेहेचाळिसाव्या वर्षी, काउनासमध्ये मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळत असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, तो बचावला, आणि ऑक्टोबरात लिथुआनियाच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्या खुर्चीत तो पुढं दहा वर्षं बसला.